गोष्ट कानाची कीं गोंगाटाची ?

अलीकडे मराठी मुलांसाठीं ध्वनिमुद्रित गोष्टींचें उदंड पीक आलें आहे. फोनवर बोट ठेवावें आणि गोष्ट सुरू व्हावी, ही सोय मोठी खरी. तिला नाक मुरडणाऱ्यांपैकीं मी नव्हे. ज्या घरांत आजी नाहीं आणि आई दिवेलागणीनंतर परतते, त्या घरीं हा आवाज पाहुणा म्हणून आला तर त्याचें स्वागतच केलें पाहिजे. माझा आक्षेप पाहुण्यावर नाहीं, त्याच्या बोलण्याच्या रीतीवर आहे.

परवां माझी सहा वर्षांची नात चिमणी-कावळ्याची गोष्ट ऐकत होती. ढगांचा गडगडाट, मुसळधार पाऊस आणि त्यावर सतारीची झोड ! या कल्लोळांत कावळ्याच्या शेणाच्या घराबरोबर तें वाहून गेल्याचें वाक्यही वाहून गेलें. नातीनें विचारलें, "आजोबा, कावळा चिमणीकडे कां आला ?" ज्यावर सारी गोष्ट उभी, तेंच तिच्या कानीं पडलें नव्हतें.

निर्माते म्हणतात, मुलांचें लक्ष टिकत नाहीं, म्हणून हा थाट. मग तेंच मूल तीच गोष्ट दहा वेळां कां मागतें ? कावळा हांक मारतो, चिमणी निमित्त सांगते. पुन्हां हांक, पुन्हां निमित्त. तिसऱ्या खेपेस मूल आपणच चिमणीचें उत्तर बोलूं लागतें. त्यासाठीं सांगणाऱ्यानें क्षणभर थांबावें लागतें. नेमका तोच क्षण आमचे निर्माते वाद्यांनीं बुजवून टाकतात.

दुसरा दोष याहून खोल आहे. कित्येक गोष्टी इंग्रजी पुस्तकांवरून उतरविलेल्या असतात. तेथें बहुधा आधीं बोलणें येतें व बोलणाऱ्याचें नांव मागाहून. डोळ्यांना अवतरणचिन्हें दिसतात, म्हणून तें खपतें. कानांना तीं कोठून दिसणार? आमची आजी आधीं 'चिमणी म्हणाली' असें सांगे, आणि मग चिमणीचें बोले. शिवाय मराठी क्रियापदालाच लिंग आहे : 'आला' म्हणतांच कावळा उमगतो, 'आली' म्हणतांच चिमणी. एवढें धन घरांत असतां परक्या वाक्यरचनेची भीक कशाला ?

साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली, तेव्हां प्रकरणांना 'रात्र' म्हटलें. कारण श्याम त्या कथा रोज रात्रीं सोबत्यांना सांगतो. बी. बी. सी.नें १९५० सालीं पांच वर्षांखालील मुलांसाठीं जो पंधरा मिनिटांचा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या नांवांतच आईसह ऐकण्याचें निमंत्रण होतें. गोष्ट ही एकट्यानें ऐकावयाची वस्तु नव्हे, हें दोहोंकडे ओळखलेलें होतें.

म्हणून निर्मात्यांस सांगणें इतकेंच : गोष्ट मुद्रित करण्यापूर्वीं कागद मिटून ती दहा मुलांना सांगून पाहा. मुलें जेथें चुळबुळतील तेथें वाक्य सुधारा, ढोल वाजवूं नका. आणि आईबापांस सांगणें याहून कडक आहे. गोष्ट लावून देऊन खोलीबाहेर जाऊं नका. रोज नाहीं जमलें तर आठवड्यांतून दोन रात्री तरी जवळ बसा. कावळा कां आला, हें मुलानें कोणाला विचारावें ?