अंधाराचीही पावती हवी



काट्यावर उसाची गाडी गेली की वजनाची पावती घेतल्याशिवाय आपण कोणी माघारी फिरत नाही. मग घरची लाईट किती वेळ गेली, हेच तेवढे अंदाजाने का सांगायचे? "रोजच जाते हो," या बोलण्याला कचेरीत किंमत नसते.

उपकेंद्रात ११ केव्हीच्या फीडरची नोंद राहते, हे खरे. पण फीडर चालू आणि आपल्या डीपीचा फ्यूज उडालेला, असेही घडते. अशा वेळी वाडी अंधारात आणि फीडरच्या नोंदीत मात्र पुरवठा अखंड! ही उणीव ग्राहकांनीच भरून काढली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यासाठीचे यंत्र घरी बनवता येते. अर्डुइनो बोर्ड, बटणासारख्या सेलवर चालणारे घड्याळाचे मॉड्यूल, मेमरी कार्ड व ते बसवायचे मॉड्यूल आणि मोबाईलचा चार्जर, एवढेच सामान. बोर्ड दर मिनिटाला कार्डावर तारीख-वेळ लिहितो. लाईट गेली की लिहिणे थांबते. घड्याळ मात्र सेलवर चालूच राहते. लाईट आली की नोंद पुन्हा सुरू. मधला खंड म्हणजे अंधाराचा हिशेब. म्हणूनच हा चार्जर इन्व्हर्टरच्या लाईनीवर लावू नये. तसेच २३० व्होल्टच्या वायरींना स्वतः हात घालू नये. कॉलेजात शिकणारी आपली मुले-मुली हे काम सहज करतील.

मात्र एकाच घरच्या नोंदीवर विसंबू नये. घरातला फ्यूज उडाला तरी खंड दिसेल. एकाच डीपीवरच्या दोन-तीन घरांत यंत्रे ठेवून नोंदी ताडून पाहाव्यात. जाहीर भारनियमनाचे तास वेगळे काढावेत. शेतीचा फीडर वेगळा असेल तर मोटारीच्या थ्री-फेजचा हिशेब यातून निघणार नाही, हेही ध्यानात असावे.

विद्युत कायदा, २००३ च्या कलम ५७ मध्ये, सेवेचा ठरलेला दर्जा न पाळल्यास ग्राहकास भरपाईची तरतूद आहे. घरचे यंत्र हे प्रमाणित मीटर नव्हे. पण तारीखवार, वेळेनिशी आणि दहा जणांच्या सह्यांनी दिलेला अर्ज "बघू" म्हणून बाजूला सारणे अवघड जाते. प्रत्येक गटात निदान एका डीपीवर हा प्रयोग व्हावा व महिन्याची नोंद गटाच्या बैठकीत सर्वांसमोर वाचावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी