पोट वाढतंय? ‘वय झालं’ म्हणू नका

विहारात बायका जमल्या की कुणाच्या तरी वाढलेल्या पोटाचा विषय निघतोच. गॅस असेल, वय झालं, असं म्हणून तो तिथेच संपतो. आम्हाला हे पटत नाही. अंडाशयाची गाठ बहुतेक वेळा साधी असते, पण पाळी गेल्यावर कॅन्सरची शक्यता वाढते. म्हणजे वय हेच तपासणीचं कारण. गाठ दुखत नाही म्हणून अंगावर काढतात, आणि ती कित्येक किलोची होते. मग दम लागतो, जेवण जात नाही. गाठीला पीळ पडून अचानक कळ आली, तर रात्रीच दवाखाना गाठा.

नांदेडला विष्णुपुरीचं, लातूरला विलासराव देशमुख संस्थेचं सरकारी रुग्णालय आहे. आधी सोनोग्राफी, मग सीए-१२५ ही रक्ततपासणी. त्यात आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. मोठ्या गाठीला ऑपरेशनच लागतं.

मात्र सहीआधी विचारा: फक्त गाठ काढणार की गर्भपिशवीही, आणि का? शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड बायांच्या पिशव्या इतक्या काढल्या गेल्या, की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तरुण मुलीचं तर निरोगी अंडाशय बहुधा वाचवता येतं. काढलेली गाठ तपासायला पाठवली का, हेही विचारा, आणि तो रिपोर्ट घरी जपून ठेवा.