पैनगंगेच्या अलीकडचा वाडा

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनात प्रथम रंगमंचावर आलं. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी त्याला ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ जोडून तिन्ही नाटकं एकापाठोपाठ एक, दिवसभर चालणाऱ्या एकाच प्रयोगात उभी केली. पुढे वीसेक वर्षांनी त्यांनीच निवेदिता सराफ, वैभव मांगले अशा नव्या संचात ‘वाडा’ पुन्हा आणला आणि नाट्यगृहं पुन्हा भरली. यंदा दिवाळी अंक हाती देताना याच नाटकाबद्दल बोलावंसं वाटतं, कारण ते आमचं आहे असं आम्ही मानतो.

एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. १९९९ मध्ये हिंगोली वेगळा होईपर्यंत आपल्या परभणी जिल्ह्याची हद्द पैनगंगेला भिडलेली होती आणि पलीकडच्या काठावर यवतमाळच होतं. तिकडची वऱ्हाडी इकडे कुणाला परकी वाटत नाही. ‘का’ला ‘काहून’ म्हणायला परभणीच्या नटाला शिकवावं लागत नाही. आणि वाडे, गढ्या तर आपल्याकडेही ओसाडच पडल्या. १९४८ मध्ये निजामी गेली, १९५० मध्ये हैदराबाद कूळ कायदा आला आणि दुसऱ्याच्या कष्टावर उभं असलेलं ते ऐश्वर्य हलायला लागलं. जिंतूर-सेलूकडच्या कुठल्याही जुन्या गावात जा, बुरुजाची माती ओघळलेली आणि आत भावाभावांच्या वाटण्यांच्या भिंती, हे चित्र दिसतंच. कूळ कायद्यानं ज्यांच्या हाती जमीन आली त्यांच्या दृष्टीनं ही पडझड दुःखाची नव्हती, हेही इथं स्पष्ट म्हटलं पाहिजे. एलकुंचवारांनीही वाड्याची आरती ओवाळलेली नाही. वाड्याचे धनी तात्याजी गेलेत, घरात पैसा नाही, तरी तेरावं घराण्याच्या इतमामाला शोभेल असंच व्हायला हवं. दारात ट्रॅक्टर गंजत पडलाय. त्या हट्टाची किंमत कोण मोजतं, ते नाटककार आपल्याला नीट दाखवतो.

नाटकाचं पुनरुज्जीवन आम्हाला मोलाचं वाटतं ते यासाठीच. संहिता तीच असते, पण दर पिढी वेगळ्या माणसाच्या शेजारी जाऊन बसते. पूर्वी आपल्याकडचे पुष्कळजण हे नाटक मुंबईहून आलेल्या सुधीरच्या डोळ्यांनी पाहत. गाव सुटल्याची त्याची बोच त्यांना आपली वाटे. आज पुण्याला नोकरी आणि गावी आईवडील अशी घरं परभणीत गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे सुधीर अजूनही कळतो. पण आता नजर चंदूवर आणि प्रभावर थांबते. चंदू घरचाच मुलगा, आणि राबतो गड्यासारखा. प्रभा घरचीच मुलगी, तिला शिकायचं होतं, पण शिकू दिलं नाही. लग्न न जमलेला, शेतीत अडकलेला, चारचौघांत गप्प बसणारा तिशीतला तरुण आज आपल्या गावोगाव आहे. त्याच्यावर बोलणारं नाटक चाळीस वर्षांपूर्वीच लिहून झालंय.

तिसरं नाटक, ‘युगान्त’, तर दुष्काळाचंच आहे. गाव न सोडलेला पराग आणि परदेश पाहून आलेला अभय, वाड्याच्या पुढच्या पिढीतले हे दोघे उजाड भूमीवर समोरासमोर येतात. ज्या मराठवाड्यानं १९७२ चा दुष्काळ सोसला आणि २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं आलेलं पाणी पाहिलं, त्याला हे नाटक अवघड का वाटावं?

‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था तेव्हाच्या औरंगाबादेत उभी राहिली. चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी तिथलेच. दळवींचं १९९१ मधलं ‘चारचौघी’ही २०२२ मध्ये नव्या संचात परतलं. मराठवाड्याच्या मातीतली माणसं मुंबईत जुनी कौटुंबिक नाटकं पुन्हा जिवंत करतात, याचा अभिमान आहेच. पण व्यावसायिक नाटकाचा ट्रक परभणीपर्यंत क्वचितच येतो, आणि तो येईल म्हणून आपण किती काळ वाट पाहायची? नाटक करायला इथं जागा आहेच: राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी परभणी केंद्रावर होते. सातोन्यात जन्मलेल्या बी. रघुनाथांनी निजामी अमलातली इथली माणसं कथा-कादंबऱ्यांत आणली, ती लिहायला ते कुठं दूर गेले नव्हते. आमच्या हौशी संस्थांना या अंकाच्या निमित्तानं एकच आग्रहाचं मागणं आहे: रीतसर परवानगी घ्या, इथलेच नट घ्या, आणि ‘युगान्त’ परभणीत करा. तालमी सोयाबीन-कापसाची कामं उरकल्यावर ठेवा, म्हणजे खेड्यांतली पोरंही येतील. परागची भूमिका त्यांच्यापैकीच कुणालातरी द्या.