कपाटातल्या सर्व्हरचा खोटा आधार

नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत संगणक प्रणालीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आपला स्वतःचा सर्व्हर असताना दुसऱ्याला महिन्याच्या महिन्याला भाडं कशाला भरायचं?’ बाकं वाजतात आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो. या वाक्यामागे सार्वजनिक पैशाची काळजी आहे, हे मान्य केलं पाहिजे. तरीही ते चुकीचं आहे. क्लाउडवरची, वर्गणी भरून वापरायची सॉफ्टवेअर ही आपल्या नगरपालिका, पंचायती आणि सरकारी रुग्णालयांची आजची गरज आहे. ती टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सबबी तपासल्या की बहुतेक गळून पडतात.

आधी हा ‘स्वतःचा सर्व्हर’ बघू. लहान शहरांच्या नगरपालिकांत तो साधारण कर विभागाच्या मागच्या खोलीत, जुन्या दप्तरांच्या कपाटाशेजारी असतो. यूपीएसची बॅटरी केव्हाच उतरलेली असते. बॅकअप एका हार्डडिस्कवर घेतला जातो आणि ती हार्डडिस्क त्याच खोलीतल्या ड्रॉवरमध्ये ठेवली जाते. सॉफ्टवेअर करून देणारा जिल्ह्याच्या गावी. वार्षिक देखभालीचा करार संपला की तो फोन उचलत नाही. पासवर्ड एका कंत्राटी ऑपरेटरला तोंडपाठ, आणि त्याची मुदतवाढ दर काही महिन्यांनी लटकलेली. मार्चअखेर घरपट्टी भरायला रांग लागते, नेमकी तेव्हा मशीन मान टाकते आणि लिपिक हाताने पावत्या फाडायला बसतात. त्या पावत्या नंतर संगणकात चढवायच्या राहून जातात आणि पुढच्या वर्षी पैसे भरलेल्या माणसाच्या दारात थकबाकीची नोटीस येते. यातली नगरपालिकेची मालकी म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेली एक पेटी. आतली माहिती सलामत राहील याची हमी कोणाकडेच नाही.

राहिला पैशाचा मुद्दा. वर्गणी दरवर्षी भरावी लागते आणि खरेदी एकदाच होते, हा हिशेब निविदेच्या रकमेपाशी थांबतो म्हणून खरा वाटतो. पुढे देखभाल करार, अँटिव्हायरस, बॅटऱ्या, वातानुकूलन आणि ऑपरेटरचं मानधन येतं. महागाई भत्ता वाढला किंवा एखादा शासन निर्णय निघाला की पगाराच्या नाहीतर कराच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करायचा आणि त्याचं वेगळं बिल भरायचं. पाच-सात वर्षांनी यंत्र निर्लेखित करून नवी निविदा काढायची आणि जुनी माहिती नव्या प्रणालीत नेताना पुन्हा पैसे मोजायचे. हे सगळे खर्च वेगवेगळ्या लेखाशीर्षांत विखुरलेले असल्यामुळे एका कागदावर कधीच दिसत नाहीत. वर्गणीत तेच खर्च एका आकड्यात समोर येतात, आणि एकदा केलेला बदल त्या प्रणालीवरच्या सगळ्या कार्यालयांना एकाच वेळी मिळतो. ई-ग्रामस्वराज हे पोर्टल वर्गणीचं नाही, पण एकच प्रणाली सगळ्यांनी वापरण्याचा फायदा ते दाखवतं. २४ एप्रिल २०२०पासून देशभरातल्या पंचायतींच्या हिशेबासाठी ते आहे. महाराष्ट्रातल्या सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींनी प्रत्येकी आपलं हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवून घ्यायचं ठरवलं असतं, तर काय झालं असतं याचा विचार करावा.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि विरोधक तिच्याबद्दल बोलत नाहीत. आपल्याकडे अनुदान बहुधा खरेदीसाठी येतं. एकदा निधी मिळतो, यंत्र येतं, फीत कापली जाते. पुढे चालवण्यासाठी तरतूद नसते. वर्गणी ही महसुली बाब आहे, ती दरवर्षीच्या अंदाजपत्रकात बसवावी लागते. वीजबिलासाठी तरतूद होते, तर कर आणि दाखल्यांच्या प्रणालीसाठी का होऊ नये? हा बदल वित्त विभागाने करायचा आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा : माहिती आपल्या इमारतीत असली की सुरक्षित. दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर त्यांच्याच आवारात होते. नोव्हेंबर २०२२मध्ये त्यांच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत नामांकित सरकारी रुग्णालयात रुग्णनोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंतची कामं कित्येक दिवस हाताने करावी लागली. त्याआधी मे २०१७मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेला तडाखा दिला. विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून ते शिरलं, तिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण ज्या संगणकांवर तो वेळेवर बसवलाच गेला नव्हता, त्यांना फटका बसला. तिथे ही गत, तर मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर असे उपाय कोण बसवणार? वर्गणीच्या सेवेत ही जबाबदारी पुरवठादाराची असते. अर्थात पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवणाऱ्या कार्यालयाला कुठलाच क्लाउड वाचवू शकत नाही.

शिवाय धोका फक्त हॅकरचा नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. पाच जणांचे जीव गेले आणि हजारो फाइली जळाल्या. नंतर विभागांना जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रती मागवून फाइली पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, तेव्हा एसटी आगारातले कर्मचारी आगाराची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले. त्यांनी पैसे वाचवले. त्यांच्या कर्तव्यनिष्ठेला मनापासून सलाम. पण टपावर सर्व्हर चढवता येत नाही, आणि कोकणातल्या नदीकाठच्या कार्यालयांची माहिती कर्मचाऱ्यांच्या जीवावर सांभाळायची पाळी येता कामा नये. ती आधीच दुसऱ्या शहरात, कोरड्या जागी असली पाहिजे.

इथे एक जाणकार आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. सप्टेंबर २०२५मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या आणि अधिकाऱ्यांच्या कामाची फाइल-साठवण, तब्बल ८५८ टेराबाइट, कायमची गेली. तीही क्लाउडच होती, पण तिची बाहेर कुठेही प्रत नव्हती. म्हणजे ड्रॉवरमधल्या हार्डडिस्कचीच चूक तिथे अवाढव्य प्रमाणावर झाली. ‘क्लाउड’ या पाटीवर विसंबू नये, दुसरी प्रत किती अंतरावर आहे ते लेखी मागावं, हा त्यातून घ्यायचा धडा.

सर्वांत वजनदार आक्षेप परावलंबनाचा. जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या ईमेलसारख्या सेवा थांबवल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि सेवा पूर्ववत झाल्या. उद्या हे एखाद्या महापालिकेच्या बाबतीत घडलं तर? भीती रास्त आहे. पण उपाय मागच्या खोलीत परत जाणं हा नव्हे. त्या खोलीतल्या यंत्रावरही विंडोजच असते, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला तेव्हा आपल्याला कोणी विचारलं नव्हतं. उपाय आहे पुरवठादार निवडण्यात आणि करारात. केंद्राच्या मेघराज धोरणाखाली इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय क्लाउड पुरवठादारांचं पॅनेल ठेवतं. त्यात येण्यासाठी माहिती भारतातच ठेवण्याची आणि तपासणीची अट आहे. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांची ईमेल सेवा झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर नेली, ते उदाहरण ताजं आहे. बदलता येणारा पुरवठादार हेच खरं स्वातंत्र्य. जिल्ह्याच्या गावच्या त्या एकमेव सॉफ्टवेअरवाल्याला बदलण्याची सोय नगरपालिकेला कधी होती?

इंटरनेटच्या सबबीवर फार वेळ घालवत नाही. नेट गेलं की आजही ई-ऑफिस, ई-निविदा, बँकेचे व्यवहार सगळंच थांबतं. सर्व्हर खोलीत असल्याने त्यात फरक पडत नाही. दुसरी जोडणी घ्यावी, ती सर्व्हर पोसण्यापेक्षा स्वस्त पडते.

नागरिकाच्या पदरात काय पडतं, ते एका दिवसाने दाखवून दिलं आहे. २८ एप्रिल २०२१ला अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविन या कोविड लसीकरणाच्या पोर्टलवर नोंदणी खुली झाली. सुरुवातीला काही वेळ ती अडखळली, लोकांनी संताप व्यक्त केला, आणि तरी पहिल्याच दिवशी एक कोटीहून जास्त लोकांची नोंदणी झाली. गर्दी वाढेल तशी क्षमता वाढवायची आणि ओसरली की कमी करायची, हे क्लाउडमुळेच जमतं. मार्चअखेरची घरपट्टी आणि जूनमधली दाखल्यांची झुंबड ही याच जातीची गर्दी आहे. मार्चच्या गर्दीला पुरेल एवढा सर्व्हर विकत घेतला तर तो उरलेले अकरा महिने अर्धा रिकामा राहतो, आणि नेहमीच्या कामापुरता घेतला तर मार्चमध्ये कोसळतो.

महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०१८मध्ये सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केलं आणि असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. धोरण कागदावर आलं. ते तालुक्याच्या गावापर्यंत न्यायचं काम नगरसेवकांचं आणि मुख्याधिकाऱ्यांचं आहे. म्हणून त्यांना विनंती : पुढच्या सभेत हा विषय आला की तहकूब करू नका. कराराचा मसुदा मागा. माहितीची मालकी नगरपालिकेची आहे, पुरवठादार बदलल्यास ती उघडता येईल अशा स्वरूपात ठरलेल्या मुदतीत परत मिळेल, आणि दुसरी प्रत दुसऱ्या शहरात राहील, ही कलमं त्यात आहेत का ते वाचा. किती कर्मचारी प्रणाली वापरणार ते मोजून तेवढ्यांचीच वर्गणी भरा. आणि बॅकअपवरून माहिती खरोखर परत आणून दाखवल्याशिवाय पहिलं बिल मंजूर करू नका.