काट्यावरचे हिरो

वर्षातून एक दिवस आमच्या ऑफिसातल्या कॉन्फरन्स रूमचा दवाखाना होतो. प्रोजेक्टर कोपऱ्यात जातो, टेबलवर रक्ताच्या नमुन्यांच्या ट्यूब्ज मांडल्या जातात आणि दारापाशी येऊन बसतो तो काटा. डिजिटल, काचेचा आणि एकदम निर्दयी! अ‍ॅन्युअल हेल्थ चेकअप, दुसरं काय?

त्या रांगेतली धमाल तुम्हीही पाहिली असेल. कुणी बेल्ट काढतंय, कुणी खिशातून मोबाइल, पाकीट, बाइकची किल्ली. आमच्या टीममधली एक मैत्रीण दोन दिवस फक्त काकडी आणि ताकावर होती. आमचा टीम लीड (वजन ९४ किलो) काट्यावर चढताना श्वास रोखून धरतो, जणू आतल्या हवेचंच वजन जास्त भरतं! मी मात्र ऐटीत बुटांसकट चढलो. ६४ किलो. उंची पाच फूट सात इंच, बीएमआय २२. नर्स म्हणाली, "छान आहे." मी मागे वळून सगळ्या रांगेकडे अशी काही नजर टाकली की बस्स!

त्याच संध्याकाळी क्लायंटबरोबर नेहमीचा कॉल होता. क्लायंट अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा. कॉल सुरू होण्याआधीची पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पांची असतात, त्यात मी काट्याची गंमत सांगितली. तिकडचा मॅनेजर खो खो हसला. म्हणाला, आमच्या गावात दर वर्षी याच सुमारास हेच चालतं. फरक एवढाच, की त्या पोरांना मोबाइल काढून ठेवायचा प्रश्न येत नाही, कारण अंगावर खिसाच नसतो!

तो बोलत होता एनएफएलच्या स्काउटिंग कम्बाइनबद्दल. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे बरं का. हेल्मेट घालून, खांद्यांवर पॅड चढवून एकमेकांना धडका देतात तो, अमेरिकन फुटबॉल. तिथे कॉलेजमधून प्रो लीगमध्ये जायचा रस्ता म्हणजे ड्राफ्ट. आयपीएलसारखी बोली नाही. ३२ संघ, सात फेऱ्या, ज्याची आधीची कामगिरी सगळ्यात वाईट त्याचा पहिला नंबर. जो संघ निवडेल तिथे जायचं, म्हणजे कॅम्पस प्लेसमेंटच समजा. आणि या प्लेसमेंटच्या आधीचं मेडिकल म्हणजे कम्बाइन. १९८७ पासून इंडियानापोलिसला भरतंय. तीनशेच्या वर पोरं येतात. ४० यार्ड पळा, १०२ किलोचा बार छातीवरून जमेल तितक्या वेळा उचला, उभ्या जागेवरून उड्या मारा. आणि त्याआधी जवळपास उघड्या अंगाने काट्यावर उभे राहा. समोर संघांचे स्काउट वह्या घेऊन बसलेले. उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी, सगळं नोंदलं जातं. आपल्याकडच्या पत्रिका बघण्याच्या कार्यक्रमालाही लाज वाटावी!

मला हा प्रकार भलताच इंटरेस्टिंग वाटला. शिफ्ट संपल्यावर रात्री झोप येत नाहीच, मग मी याचाच नाद लावून घेतला. आणि लक्षात आलं, आमच्या रांगेत जे चाललं होतं तेच तिथे कोट्यवधी डॉलर्ससाठी चालतं.

आता टेरेन्स कोडीचं बघा. अलाबामा युनिव्हर्सिटीचा हा धिप्पाड गडी. जानेवारी २०१० मध्ये 'सीनियर बोल' या सामन्याआधीच्या वजनात त्याचा काटा ३७० पौंडांवर गेला, म्हणजे १६८ किलो. बोंबाबोंब झाली. महिन्याभराने कम्बाइनला तोच काटा ३५४ वर आला. तब्बल सात किलो खाली! दुसऱ्या फेरीत बाल्टिमोरने त्याला घेतलं. महिनाभर पोटाला चिमटा काढल्याचं फळ मिळालं म्हणायचं.

उलट दिशेचा किस्सा ब्राइस यंगचा. हा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा मेंदू. उंची जेमतेम पाच फूट दहा इंच, त्यामुळे सगळ्यांना काळजी, की धिप्पाड माणसं अंगावर आली तर हा टिकणार कसा? २०२३ च्या कम्बाइनला त्याने २०४ पौंड भरवले, साडेब्याण्णव किलो. नंतर कॉलेजमधल्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी मात्र गडी काट्यावर चढलाच नाही. लोकांनी काय तो अर्थ काढला. तरीही ड्राफ्टमध्ये पहिला नंबर त्याचाच लागला. आमची मैत्रीण काकडी खाऊन उतरवते, तिथे कुणी खाऊन-पिऊन चढवतात. फंडा एकच, त्या एका सकाळी आकडा नीट दिसला पाहिजे!

पण आकडा नीट दिसतो म्हणजे माणूस नीट कळतो का? इथेच खरी गंमत आहे.

१९८५ मध्ये शिकागो बेअर्सने पहिल्या फेरीत विल्यम पेरी नावाचा पोरगा घेतला. तीनशे पौंडांच्या बराच वर, टोपणनाव 'रेफ्रिजरेटर'! संघाच्याच बचाव प्रशिक्षकाने, बडी रायनने, ही निवड वाया गेली असं जाहीरपणे म्हटलं. त्याच सीझनच्या शेवटी, जानेवारी १९८६ मध्ये, बेअर्स सुपर बोल जिंकले आणि या फ्रिजने त्या सामन्यात चक्क टचडाउन केला. विजेत्यांना अंगठी मिळते, त्याची अंगठी २५ नंबरची. तेव्हापर्यंत इतकी मोठी कुणाचीच नव्हती.

दुसऱ्या टोकाला डिव्होन्टा स्मिथ. २०२० च्या सीझनचा कॉलेज फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडू, हाइसमन ट्रॉफीचा मानकरी. २०२१ मध्ये वजन निघालं १६६ पौंड, म्हणजे ७५ किलो. आपल्या सोसायटीतल्या कुणाही काकांइतकं! वाऱ्याने उडून जाईल, असं लोक म्हणाले. फिलाडेल्फियाने दहाव्या नंबरवर घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकताना ४६ यार्डांचा टचडाउन याच काडीपैलवानाचा. आणि टॉम ब्रेडी तर तुम्हाला ठाऊक असेलच. २००० च्या कम्बाइनमधला त्याचा उघड्या अंगाचा फोटो बघा, आपल्या जिममध्ये पहिल्या दिवशी येणाऱ्या पोरासारखा दिसतो. ४० यार्डांना ५.२८ सेकंद. सहाव्या फेरीत १९९ वा नंबर. पुढे सात सुपर बोल!

म्हणजे वजनाला काही अर्थच नाही? मीही आधी हाच सोयीचा निष्कर्ष काढून मोकळा झालो होतो. पण तसं नाही.

फ्लोरिडाचा डेस्मंड वॉटसन मार्च २०२५ मध्ये कॉलेजच्या प्रात्यक्षिकाला आला तेव्हा ४६४ पौंडांचा होता, २१० किलो. तो १०२ किलोचा बार त्याने ३६ वेळा उचलला. ताकदीला तोडच नव्हती. पण सात फेऱ्या संपल्या तरी कुणी नाव घेतलं नाही. नंतर टॅम्पा बेने करार केला, पण कॅम्पमध्ये वजन उतरेपर्यंत मैदानात उतरवलं नाही, आणि ऑगस्टअखेर सोडून दिलं. एकदा बार उचलणं वेगळं आणि पाच-सात सेकंदांची धडक, थोडा दम, पुन्हा धडक असं तीन तास करणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीला तिकडे कंडिशनिंग म्हणतात. आपल्याकडचा शब्द जास्त चांगला आहे. दम!

दम नसताना, उन्हात, एवढं शरीर ओढणं जिवावरही बेततं. मिनेसोटाचा कोरी स्ट्रिंगर, १९९५ च्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा खेळाडू, वजन ३३५ पौंडांच्या घरात. जुलै २००१ च्या शेवटच्या दिवशी कडक उन्हात सराव करताना कोसळला. शरीराचं तापमान १०८ फॅरनहाइटच्या वर गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला, वय २७. त्याच्या नावाची संस्था २०१० पासून कनेटिकट युनिव्हर्सिटीत उष्माघातावर काम करते. हे वाचलं त्या रात्री मी लॅपटॉप बंद केला.

दम मोजायचा कसा, याचा एक भारी नमुना मला सापडला. अल्बर्ट हेन्सवर्थ, २००९ मध्ये वॉशिंग्टनशी १०० मिलियन डॉलर्सचा करार केलेला खेळाडू. २०१० च्या कॅम्पमध्ये नव्या कोचने सांगितलं, आधी टेस्ट पास हो. २५ यार्डांच्या येरझारा घालत ३०० यार्ड पळायचं, ७० सेकंदांच्या आत. मग साडेतीन मिनिटं विश्रांती. आणि पुन्हा तेच, ७३ सेकंदांच्या आत. भल्या मोठ्या कराराचा हा मालक ती टेस्ट पास व्हायला दहा दिवस झुंजत होता. टेस्टमधली मेख आहे ती दुसऱ्या फेरीत. पहिली फेरी जोशावर मारता येते. दुसरीत खरं काय ते बाहेर येतं.

...आणि मग आमच्या चेकअपचे रिपोर्ट आले.

मी न बघताच बाजूला ठेवणार होतो. ६४ किलोवाल्याला कसलं टेन्शन? सहज पान उलटलं. उपाशीपोटी साखर ११२. एचबीएवनसी ६.१. खाली डॉक्टरांचा शेरा : प्री-डायबिटीस, भेटून जावे. मला वाटलं, लॅबवाल्यांनी कागदांची अदलाबदल केली. टीम लीडचा रिपोर्ट मागून घेतला. त्याची साखर ८९! हा माणूस रोज सकाळी तासभर बॅडमिंटन खेळतो. (त्यालाही सुटका नव्हती म्हणा. गुडघ्यांसाठी दहा किलो उतरवा, असं लिहून आलं होतं.) घरी आईला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "अरे, तुझ्या आजोबांनाही होताच की. ते तरी कुठे जाड होते?"

डॉक्टरांनी मला काट्यावर उभंच केलं नाही. टेप काढली. कंबर ९२ सेंटिमीटर. भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेघ ९० ला आहे म्हणे. हात काडीसारखे, पोट पुढे, आणि शर्ट बाहेर ठेवायची फॅशन असल्यामुळे कुणाला पत्ता नाही! मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून जाड. आपण भारतीय लोक बरेचसे असे असतो.

मला एकदम आठवलं, २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एनएफएलच्या खेळाडूंना हाच बीएमआय लावला, तेव्हा ५६ टक्के लठ्ठ ठरले होते. म्हणजे जे दिवसभर मैदानावर धडका मारतात त्यातले निम्म्याहून जास्त लठ्ठ, आणि लिफ्टशिवाय पहिल्या मजल्यावरही न जाणारा मी 'छान आहे'! काटा खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा होता.

तर मंडळी, सध्या आमचं एक खासगी कम्बाइन सुरू आहे. सभासद तीन : मी, टीम लीड आणि काकडीवाली मैत्रीण. लंचनंतर ऑफिसचे सहा मजले जिन्याने चढायचे. घड्याळ लावून साडेतीन मिनिटं थांबायचं. लिफ्टने खाली, आणि पुन्हा चढायचं. पहिल्या दिवशी दुसऱ्या फेरीत मी चौथ्या मजल्यावर रेलिंगला लटकलो होतो. ९४ किलोवाला वरून हाक मारत होता, "काय रे हिरो, बूट काढू का?"

तीन महिने झाले. आठवड्यातून तीन दिवस डंबेल्स, रात्रीच्या कॉलनंतरचा वडापाव बंद, भात अर्धा, उसळ दुप्पट. परवा पुन्हा टेस्ट केली. एचबीएवनसी ५.८. अजून पूर्ण सुटलो नाही, पण रस्ता सापडलाय. कंबर ८८.

आणि वजन? ६५. चक्क एक किलो वाढलं! पुढच्या चेकअपला नर्स काय म्हणेल ती म्हणो. मी रांगेत वळून कुणाकडे बघणार नाही, एवढं नक्की. फक्त एकच विनंती करणार आहे, मॅडम, टेप आणलीय का?