विश्लेषण : कारखान्याच्या दारातला संगणक कासाडीचे पाणी राखील का?

पनवेलमध्ये जुलै २०२० मध्ये ‘योट्टा’चे एनएम-१ हे डेटा सेंटर सुरू झाले. ७,२०० रॅकची क्षमता असलेल्या या इमारतीने पनवेलचे नाव देशाच्या डेटा सेंटरच्या नकाशावर आणले. याच तालुक्यात तळोजा औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या रसायन, औषध आणि मासळी प्रक्रिया कारखान्यांत दाब, तापमान, प्रवाह मोजणारी यंत्रे रात्रंदिवस आकडे देत असतात. डेटा सेंटर इतके जवळ असताना हे सगळे आकडे थेट तिकडे का पाठवू नयेत, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर ‘एज कम्प्युटिंग’मध्ये आहे. मात्र त्या उत्तरातूनच कासाडी नदीशी निगडित असलेला आणखी एक प्रश्न उभा राहतो.

फील्ड डिव्हाइस म्हणजे काय?

पाइपवर बसवलेला प्रवाहमापक, टाकीची पातळी सांगणारा ट्रान्समीटर, उघडझाप करणारा व्हॉल्व्ह, पंपाची थरथर टिपणारा सेन्सर ही सगळी ‘फील्ड डिव्हाइस’. पूर्वी अशा यंत्रांकडून तारेतून फक्त ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह येई आणि त्यावरून आकडा कळे. आताची यंत्रे स्वतःची तब्येतही सांगतात : कॅलिब्रेशन कधी झाले, सेन्सरवर थर साचला आहे का, आतले सॉफ्टवेअर कोणते आहे. त्यामुळे हे यंत्रही आता एक छोटा संगणकच झाले आहे.

सगळा डेटा क्लाउडवर का पाठवत नाहीत?

साधा हिशेब करून पाहा. पंपाची थरथर मोजणारा एक सेन्सर सेकंदाला १० हजार नोंदी घेतो आणि प्रत्येक नोंद दोन बाइटची आहे असे धरले, तर दिवसाला सुमारे पावणेदोन जीबी डेटा होतो. असे शंभर सेन्सर असतील तर दिवसाला सुमारे १७३ जीबी. यातला बहुतांश डेटा ‘पंप ठीक चालला आहे’ एवढेच सांगत असतो. त्यासाठी इंटरनेटचे आणि साठवणुकीचे पैसे मोजणे परवडत नाही. शिवाय रस्ता खोदताना केबल तुटली किंवा पावसाळ्यात नेटवर्क गेले, तरी कारखाना थांबून चालत नाही.

ही अडचण नवी नाही. आज स्मार्ट उपकरणांत सर्रास वापरली जाणारी ‘एमक्यूटीटी’ ही संदेशपद्धत १९९९ मध्ये तेलवाहिन्यांसाठी तयार झाली. तिथे उपग्रहामार्फत जाणारा प्रत्येक बाइट महाग होता. म्हणून मोजकेच आणि गरजेपुरतेच बोलायचे, हे तत्त्व तेव्हापासूनचे.

मग ‘एज’ काय करते?

कारखान्यातच एक दणकट संगणक बसवला जातो. तो यंत्रांकडून आकडे घेतो, तिथल्या तिथे तपासतो आणि सारांश किंवा धोक्याचा इशारा तेवढा वर पाठवतो. नेटवर्क गेले तर नोंदी जपून ठेवतो आणि संपर्क परत आला की पाठवून देतो. बेअरिंग खराब होत असल्याचे आधीच कळले, तर ऐन उत्पादनात पंप बंद पडत नाही. मात्र एक मर्यादा पाळावीच लागते. दाब वाढताच रिअॅक्टर बंद करणारी सुरक्षा यंत्रणा वेगळीच असायला हवी; ती या संगणकावर विसंबून ठेवता येत नाही.

खरी अडचण कुठे आहे?

यंत्रे बसवण्यापेक्षा ती वर्षानुवर्षे सांभाळणे कठीण असते. ‘मॉडबस’ ही कारखान्यांतली सर्वात रुळलेली संवादपद्धत १९७९ सालची आहे. आज्ञा देणारा कोण, याची खातरजमा करण्याची सोय मूळ पद्धतीत नाही. अशी यंत्रे जाळ्याला जोडली की कारखान्याची मागची खिडकी उघडी राहते. त्यामुळे कोणती यंत्रे किती आहेत याची यादी, कंपनीने दिलेले पासवर्ड बदलणे, आतले सॉफ्टवेअर वेळेवर अद्ययावत करणे, कुणी कोणता बदल केला याची नोंद, हे सारे व्यवस्थापनात येते. मोठ्या कंपनीत त्यासाठी स्वतंत्र विभाग असतो. लहान कारखान्यात हे काम बहुधा इलेक्ट्रिशियनच्या किंवा वर्षातून दोनदा येणाऱ्या ठेकेदाराच्या गळ्यात पडते.

नोंदींचे मोल १२ ऑक्टोबर २०२० नंतर मुंबईकरांना कळले. त्या दिवशी महानगराच्या मोठ्या भागाची वीज गेली. त्यामागे सायबर घातपात असल्याचा संशय राज्य सरकारने मार्च २०२१ मध्ये व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीचे कारण दिले. असा वाद निकाली काढायचा, तर प्रत्येक यंत्राच्या नोंदी एकाच घड्याळाला जुळलेल्या असाव्या लागतात. ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत हेच आहे : घटना कळल्यापासून सहा तासांत माहिती द्यायची, नोंदी १८० दिवस जपायच्या आणि संगणकांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवायची.

कासाडीचा संबंध काय?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना अखंड ऑनलाइन मापन यंत्रणा बसवण्याचे निर्देश दिले. सांडपाण्याची आम्लता, निलंबित कण, सीओडी, बीओडी यांचे आकडे थेट मंडळाकडे जावेत, हा त्यामागचा हेतू. तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजातील प्रदूषण देशभर गाजले ते रस्त्यावर दिसलेल्या निळ्या कुत्र्यांमुळे. रंगाने माखलेल्या त्या कुत्र्यांची छायाचित्रे पसरली आणि त्यानंतर राज्य मंडळाने एका कारखान्यावर कारवाई केली.

इथेच ‘एज’चा गुण दोष ठरू शकतो. पंपाच्या डेटातला ‘अनावश्यक’ भाग कारखान्यातच गाळला तर तोटा नाही, कारण पंप कारखान्याचा आहे. नदी मात्र सगळ्यांची आहे. रात्री दोन वाजता दहा मिनिटांसाठी चढलेला सीओडी सरासरीत विरघळून गेला, किंवा ‘सेन्सरचा बिघाड’ म्हणून वगळला गेला, तर मंडळाच्या पडद्यावर सारे आलबेल दिसेल. संगणक ज्याच्या ताब्यात, गाळणीही त्याच्याच हातात.

काय करायला हवे?

उपाय तंत्रज्ञानाच्या आवाक्यात आहेत. सांडपाण्याच्या मापनात सारांशासोबत मूळ नोंदही जपावी आणि नंतर बदल केल्यास उघड व्हावे म्हणून तिच्यावर यंत्राचीच डिजिटल सही असावी. कॅलिब्रेशन, मर्यादेतला बदल, यंत्र बंद ठेवल्याची वेळ, याची नोंद आकड्यांइतकीच महत्त्वाची मानून मंडळाकडे जावी. मापन थांबले तर ती जागा रिकामी दिसावी, जुन्या आकड्याने भरली जाऊ नये. लहान कारखान्यांना स्वतंत्र तज्ज्ञ परवडत नसेल, तर सामायिक सांडपाणी केंद्रासारखीच यंत्रांच्या देखभालीचीही सामायिक व्यवस्था वसाहतीत उभारता येईल. आणि या नोंदी नागरिकांना मोबाइलवर, समजेल अशा रीतीने पाहता याव्यात.

कारखान्याच्या दारातला संगणक पंप वाचवील, वीज वाचवील, कामगाराला धोक्याचा इशाराही वेळेत देईल. नदी वाचवायची तर त्याने काय गाळावे आणि काय गाळू नये, हे कारखान्याने एकट्याने ठरवून चालणार नाही.