ऊन विकत घेतले? : एका ‘ड्रायर’च्या निमित्ताने

“मॅडम, जालन्यात राहून तुम्ही ऊन विकत घेतलेत म्हणे!” आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात हे वाक्य उच्चारले गेले तेव्हा सगळे मनमुराद हसले, आणि खरे सांगायचे तर मीही हसले. वाक्य चांगलेच होते. २०२३च्या जुलैत आम्ही घरी कपडे वाळवण्याचे यंत्र आणले होते; ‘हीट पंप’ जातीचे, दर्शनी भागावर ‘ऊर्जाबचत’ असा ठळक कागद चिकटवलेले. परंतु हसून झाल्यावर जे सुरू झाले ते विनोदाच्या पातळीवर राहिले नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ऊन, दोरी, वारा आणि उन्हात वाळलेल्या सुती कापडाचा वास या विषयांवर असे काही भाष्य केले, की त्याचा ललित लेख व्हायला दिवाळी अंकाचीच काय ती वाण होती. पुढे तसा लेख झालाही. हे त्या लेखाला उत्तर नव्हे. त्या लेखामागे आपल्या साहित्यव्यवहाराची जी एक जुनी सवय उभी आहे, तिच्याशी माझे भांडण आहे.

सरांचे जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारच्या हवेत आर्द्रता इतकी उतरते, की गच्चीवर टाकलेले धोतर दुसरे टोक पसरेपर्यंत पहिल्या टोकाला कोरडे होऊ लागते. अशा गावात वीज जाळून कपडे वाळवणे हा मे महिन्यात निव्वळ वेडगळपणा ठरेल. शिवाय यंत्राला तो मानवतही नाही. या यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत भोवतालचे तापमान साधारण पाच ते पस्तीस अंशांच्या दरम्यान असावे अशी अट असते. म्हणजे आमच्या उन्हाळ्याने त्याला आधीच नापास केले आहे. आमचे यंत्र नोव्हेंबरपासून जूनपर्यंत झाकून ठेवलेले असते आणि त्यावर इस्त्रीचे कपडे साठतात.

‘ऊर्जाबचत’ या शब्दाविषयीही सरांची शंका रास्त होती. बचत ही नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते, आणि तुलना कशाशी आहे हे लेबल सांगत नाही. लिटरभर पाण्याची वाफ करायला सुमारे दोन तृतीयांश युनिट इतकी उष्णता लागते. हा निसर्गाचा हिशेब आहे, तो कोणाला चुकवता येत नाही. जुन्या पद्धतीच्या यंत्रात विजेच्या तारेने हवा तापवतात आणि वाफेबरोबर ती उष्णता वाया जाते. हीट पंपात तीच हवा आत फिरत राहते. थंड नळीवर तिच्यातले पाणी ठिबकते, पाण्याने सोडलेली उष्णता गरम नळीकडे पोचवली जाते, आणि कोरडी झालेली हवा पुन्हा तापून कपड्यांत शिरते. घरातल्या फ्रिजचाच हा उलटा संसार. त्यामुळे वीज निम्मी किंवा त्याहूनही कमी लागते. युरोपीय संघात तर १ जुलै २०२५पासून बाजारात येणाऱ्या नव्या घरगुती ड्रायरांसाठी असे निकष लागू झाले, की हीट पंपाखेरीज दुसरी जात तिथे टिकू नये. तिथे ही खरी बचत आहे, कारण तिथल्या घराघरांत आधीच तापत्या तारेची यंत्रे होती. जालन्यात आधी काय होते? दोरी. दोरीचे बिल शून्य. शून्यातून बचत काढणारे गणित जाहिरातदारांनाच जमते. माझ्या घरी चार-पाच किलो कपड्यांच्या एका फेरीला दीड युनिटाच्या आसपास वीज जाते आणि दोन-अडीच तास लागतात. पावसाळ्यात महिन्याला बारा फेऱ्या झाल्या तर अठरा-वीस युनिट वाढतात, आणि एखाद्या महिन्यात ती वाढ घराला शंभर युनिटांच्या पलीकडच्या महाग टप्प्यात ढकलते. हा खर्चच आहे. त्याला बचत म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. (खऱ्या बचतीचा मार्ग या यंत्रात नाहीच, धुण्याच्या यंत्रात आहे. चौदाशे फेऱ्यांच्या वेगाने कपडे पिळले तर किलोमागे सुमारे अर्धा लिटर पाणी उरते, आठशे फेऱ्यांनी पिळले तर सातशे मिलिलिटरच्या घरात. पिळून काढलेले पाणी वाफ करून काढलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. हे दुकानात कोणी सांगितले नाही, कारण दुकानाला दुसरे यंत्र विकायचे होते.)

इतके मान्य केल्यावर भांडण संपायला हवे. ते इथे सुरू होते.

सरांच्या लेखात एक गोष्ट मला वाचता वाचता खटकली, आणि ती व्याकरणाची होती. संपूर्ण लेखात कपडे ‘वाळतात’. मुंबई-कोकणाकडे ते सुकतात, आमच्याकडे वाळतात. हा फरक सोडा. वाळणे हे अकर्मक क्रियापद आहे. त्याला कर्ता म्हणून कापड पुरते. आता आमच्या सासूबाईंची भाषा पाहा. त्यांच्या तोंडी हे क्रियापद एकटे क्वचितच येते. ‘वाळत घालायचेत’, ‘वाळत घालून आले’, ‘वाळलेले काढून आण, आभाळ आलंय’. बादली उचलणे, जिना चढणे, झटकणे, पसरणे, चिमटे लावणे, उलटणे, काढणे, घड्या घालणे ही सगळी कामे ‘घालणे’ आणि ‘काढणे’ या दोन धातूंत सामावलेली आहेत, आणि त्या धातूंना माणूस लागतो. मराठीत एकाच घटनेसाठी ही दोन्ही रूपे उपलब्ध असताना आपले ललित गद्य इतक्या सहजपणे अकर्मक रूप का निवडते, हा साहित्याच्या विद्यार्थ्याने विचारावा असा प्रश्न आहे. ऊन फुकट आहे हे विधान त्या अकर्मक रूपावरच उभे आहे. कर्ता गाळला की मजुरीही गळते.

परंपरेचा दाखला द्यायचा तर तो पुरा द्यावा. वाड्यांतले सोवळे उन्हात वाळत नसे. ते आढ्याजवळच्या उंच दांडीवर, काठीने, कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून वाळत घातले जाई. तिथे ऊन गौण आणि विटाळ प्रधान होता. गावगाड्यात बारा बलुतेदारांपैकी परीट हा ज्या कामासाठी होता, त्यात धुण्याइतकेच वाळवणेही होते. नदीकाठच्या खडकांवर पसरलेली धुवट वस्त्रे आपल्या निसर्गवर्णनांत शुभ्र दिसतात. ती पसरणाऱ्याची जात मात्र त्या वर्णनांत दिसत नाही. आणि तिसरा दाखला अगदी आपल्या घरातला. पाळीच्या दिवसांतली कापडे कोणत्या दोरीवर वाळत होती? ती वाळत होती लुगड्याखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात, माळ्यावर. जिथे ऊन पोचणार नाही नेमके तिथे. आज डॉक्टर सांगतात की ती कापडे कडक उन्हात वाळवा, आणि घरोघरच्या बायकांना ठाऊक असते की ते उन्हात लटकवता येत नाही. उन्हावर लेख लिहिणाऱ्यांना उन्हाची मालकी कोणाकडे आहे हे एकदाही विचारावेसे वाटत नाही.

कोणी म्हणेल, कपड्यांसाठी एवढा आकांत कशाला. मी जालन्याचीच साक्ष काढते. वाळवणे हे मोलाचे काम आहे हे या जिल्ह्याला नीट कळते. बाजार समितीत सोयाबीनच्या ढिगात यंत्राची सळई खुपसून ओलावा मोजतात; बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव उतरतो. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये हमीभावाच्या खरेदीसाठी ही मर्यादा पंधरा टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली, इतका तो प्रश्न मोठा झाला. बियाण्याच्या धंद्यावर या शहराचे नाव झाले, आणि त्या धंद्यातही सगळा जीव दाण्यातल्या ओलाव्यावर असतो. म्हणजे दाण्यातले पाणी काढणे हे उत्पादन, आणि शर्टातले पाणी काढणे हा ऋतुविलास! केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळवापर पाहणीत घरकामात सहभागी असलेल्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे ते काम करतात आणि पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले. त्या २८९ मिनिटांत गच्चीवरची मिनिटे आहेत. त्यांचा ओलावा कोणी मोजत नाही.

आता आमच्या घरी ते यंत्र का आले ते सांगते. जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही. आठ-आठ, दहा-दहा दिवसांची पाळी आमच्या अंगवळणी पडलेली आहे. २०१२-१३चा दुष्काळ ज्यांनी इथे काढला, त्यांना घाणेवाडीच्या तळ्याचा कोरडा तळ आणि टँकरपुढची रांग विसरता येणार नाही. पाणी येते त्या दिवशी आठवड्याचे धुणे निघते. त्याला दुसरा मुहूर्त नसतो. ऑगस्टमध्ये नळ आणि पाऊस एकमेकांना विचारून येत नाहीत. २०२२च्या अशाच एका दिवशी झिमझिम चालू असताना, दोन बादल्या धुणे गच्चीवर न्यावे की खाली ठेवावे अशा दोलायमान मनःस्थितीत सासूबाई जिना चढल्या, वर पाऊस वाढला म्हणून तशाच उतरल्या, आणि चौथ्या पायरीवरून घसरल्या. मनगट मोडले. त्या वेळी मी ‘वर्षाऋतू आणि मराठी कविता’ या विषयावर वर्गात बोलत होते. हा योगायोग मी रचलेला नाही, वेळापत्रकाचा आहे.

यंत्राबद्दल सासूबाईंचे मत प्रतिकूलच होते. पहिल्या फेरीनंतर त्यांनी त्याची टाकी उपसून पाहिली. कपड्यांतून निघालेले अडीच लिटर पाणी तिच्यात जमले होते. “दोरीनं हे कधी परत दिलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि ते पाणी अंगणातल्या जास्वंदीला गेले. जालन्यात माणूस असा जिंकला जातो.

यावर एक आक्षेप असा येईल की, श्रमाचा प्रश्न आहे तर घरातल्या पुरुषांनी बादली उचलावी, यंत्राची भरती कशाला? आक्षेप योग्य आहे आणि तो करणाऱ्यांनी आजच उचलावी. पण यंत्र घेणे म्हणजे आळस, हा जो नैतिक सूर त्यात मिसळतो, तो आमच्या मराठवाड्याच्या भूमीत तरी शोभत नाही. गंगाखेडच्या जनाबाईच्या अभंगपरंपरेत साक्षात विठ्ठल दळायला बसतो, पाणी भरतो, धुणे धुतो. देवाने हात लावला म्हणून जनी आळशी ठरली असे सातशे वर्षांत कोणी म्हटलेले नाही. हात लावणारा देव असेल तर ती भक्ती, यंत्र असेल तर ती चैन. या दोन निवाड्यांमध्ये जी फट आहे तिच्यातून आपला खरा आक्षेप दिसतो. बाईचे काम हलके व्हायला हरकत नाही, फक्त ते कृपेने व्हावे, तिने विकत घेऊन होऊ नये.

अमेरिकेचा दाखला सरांनीच दिला होता, म्हणून एवढेच. तिथल्या अनेक वसाहतींनी दोरीवर कपडे घालण्यास बंदी केली होती. दिसायला बरे नाही, घरांच्या किमती उतरतात, अशी कारणे होती. शेवटी फ्लोरिडा, व्हरमाँट, मेन अशा राज्यांना आणि २०१५ साली कॅलिफोर्नियाला लोकांचा दोरीचा हक्क कायद्याने राखावा लागला. पुण्या-मुंबईच्या नव्या गृहसंकुलांतही बाल्कनीच्या कठड्यावर कपडे टाकू नयेत असे फलक लागतात. या बंदीविरुद्ध मी सरांच्या बाजूने सही करीन. दोरी हिरावून घेऊन यंत्र गळ्यात मारणे निराळे, आणि दोरी शाबूत असताना ओल्या जिन्याला नकार देणे निराळे.

माझ्या भूमिकेतला सर्वांत कच्चा दुवा सरांच्या नव्हे, आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या मावशींच्या लक्षात आला. यंत्र पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : “ताई, वाळत घालायचे पैसे आता कापता का?” कापले नाहीत. पण त्या प्रश्नाने मला हे कळले, की वाळत घालण्याचे मोल या गावात एका तरी व्यक्तीने वेगळे मोजून ठेवलेले आहे. त्यांचे घर एका खोलीचे. पावसाळ्यात दोरी खाटेवरून जाते आणि रात्रभर पंखा दोरीकडे तोंड करून असतो, माणसांकडे नाही. त्यांना हे यंत्र परवडणार नाही आणि परवडले तरी ठेवायला जागा नाही. माझ्या यंत्राने त्यांचे काही भले झाले असा दावा मी करीत नाही. गेल्या दोन पावसाळ्यांत त्यांची शाळेची पोरे परीक्षेच्या आठवड्यात गणवेश आमच्याकडे आणून टाकतात, इतकेच. उरलेल्या फेरीत जागा असतेच.

गच्चीवरची दोरी आम्ही काढलेली नाही. सासूबाई तिला अजून वलणी म्हणतात. थंडी आणि उन्हाळ्यात तिच्यावर धुणे घालण्याचे काम आता आमच्या मुलाकडे आहे. तो चिमटे लावत नाही. फेब्रुवारीत दोन शर्ट आणि माझी एक साडी वाऱ्याने शेजारच्या गच्चीवर गेली, तेव्हा आणायलाही त्यालाच पाठवले.